दरवर्षी जाड होणारी बोट

चामराजपेट, बेंगळुरू
आषाढ वद्य पंचमी

तीर्थस्वरूप विश्वेश्वरअण्णांच्या पायांवर पद्मनाभचं डोकं.

इथे सगळं ठीक, म्हणजे सत्यवतीची गुडघेदुखी आणि माझं रात्रीचं जागरण दोन्ही नेमाने चालू आहेत. तुमची साखर, वहिनींचे डोळे आणि मंगळूरचा पाऊस यांचं काय ते कळवावं. तुमच्या चि. गिरीराजचं लग्न ठरल्याचं ऐकून आनंद झाला. (बऱ्याच दिवसांनी झाला, म्हणून मुद्दाम लिहितो.)

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'सरी अण्णा, सरी' म्हणत मान डोलावतो. तीस वर्षं हेच चाललंय. पत्रात तुम्हाला मध्ये तोंड घालता येत नाही.

माझी नोकरी तुम्हाला कधी पटली नाही. मला तरी कुठे पटते! समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवर, बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी एका इमारतीत सहाव्या मजल्यावर बसून मी जहाजांची बुडं तपासतो. (परवा रिक्षावाल्याने धंदा विचारला. सांगितल्यावर त्याने तळ्यावरच्या सांडपाण्याच्या फेसाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हडगा सार? ई केरेयल्ली?" या तळ्यात जहाजं बघणारा माणूस डोक्याने गेलेलाच असणार, म्हणून उतरेपर्यंत तो माझ्याशी फार मायेने वागला.) काम एवढंच, की मालवाहू बोटीचं बूड कायद्याने पाच वर्षांत दोनदा पाण्याबाहेर काढून तपासायचं, दोन तपासण्यांत छत्तीस महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही, आणि पत्र्याची जाडी जागोजागी मोजायची. मोजणारे बंदरात मोजतात, आकडे आमच्याकडे येतात. पत्रा ठरल्यापेक्षा जास्त झिजला असेल तर संगणक लाल होतो, आणि तेवढा पत्रा कापून नवा बसवल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांचा गंज वाचत आलो आहे. माणूस यातून आनंदी कसा राहावा, तुम्हीच सांगा.

तर गेल्या सोमवारी आपल्या 'लक्ष्मीनृसिंहा'चे आकडे माझ्याच टेबलावर आले. बोट बांधली तेव्हा पत्रा आठ मिलिमीटरचा. सव्वीस वर्षं ती सिमेंट आणि कांदे घेऊन लक्षद्वीपच्या खाऱ्या पाण्यात ये-जा करते आहे. आज पत्रा किती? नऊ पूर्णांक सहा. काही ठिकाणी दहा! अण्णा, जगातल्या सगळ्या बोटी झिजतात, आपली एकटीच अंगाने भरत चालली आहे. संगणक हिरवागार. आमचा साहेब श्रीवत्स (वय एकोणतीस, पोहता येत नाही) स्क्रीनकडे बघून म्हणाला, "गट्टी आहे सर तुमच्या भावाची बोट."

ती एवढी गट्टी, म्हणजे भक्कम, का आहे हे त्या अख्ख्या इमारतीत मला एकट्याला ठाऊक होतं. नारळी पौर्णिमेला आपण नवा रंग जुन्यावरच चढवतो. जुना खरवडायचा नाही, कारण त्याखाली कुठेतरी नरसिंगरावकाकांच्या हातचा पहिला थर आहे, आणि तुम्ही म्हणता, आपल्या वडिलांचा हात खरवडायचा नसतो. सव्वीस वर्षं, सव्वीस थर. मोजणाऱ्याचं यंत्र रंगालाही पत्राच समजतं. दरवर्षी आम्ही बायकापोरांसकट येतो, नारळीभात खातो, ब्रश हातात घेतो आणि गंजावर भक्तिभावाने पांघरूण घालतो. गेल्या वर्षी इंजिनाच्या मागची बाजू माझ्या वाट्याला आली होती. तिथे अंगठा टेकला तर रंग ओल्या पापडासारखा आत गेला. तुम्ही प्रसाद वाटत होता, भटजी घाईत होते. मी त्यावर आणखी एक हात मारला आणि जेवायला बसलो. (भात उत्तम झाला होता. दोनदा घेतला. त्याची आता शरम वाटते.)

म्हणून कळवायला वाईट वाटतं, की यंदाचं प्रमाणपत्र अडलं आहे. कायदा हा कायदा. सगळा रंग खरवडून, उघड्या लोखंडावर पुन्हा मोजून घेतल्याशिवाय बोट पाण्यात उतरवता येणार नाही. माझ्यावर रागावून उपयोग नाही. मी तिथे कारकुनासारखा आहे. काकांचा हात खरवडायला तुम्हाला किती जड जाईल हे मला कळतं. पण हुकूम वरून आलेला आहे, तुमचा काहीच दोष नाही, असं चारचौघांत सांगता येईल.

वहिनींना नमस्कार, गिरीराजला आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक (आजपर्यंतचा),
पद्मनाभ

ता. क. रजा टाकली आहे. खरवडायला मी येतो. इंजिनाच्या मागची बाजू माझी.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. प्रमाणपत्र अडलेलं नाही. मी लाल शेरा मारला, थरांची हकीकत लिहिली, अंगठ्याचीही लिहिली. त्यावर, बोट भावाची आहे हे आधी रीतसर लेखी का कळवलं नाही म्हणून मलाच मेमो मिळाला. माझा शेरा नात्यातल्या माणसाचा म्हणून पुसण्यात आला, आणि फाईल हर्षिता नावाच्या नव्या मुलीकडे गेली. तिने संगणकाचा हिरवा रंग पाहिला आणि चहा यायच्या आत मंजूर केलं. वरच्यांना आणखी दोन अर्ज दिले आहेत. त्यांचं उत्तर पौर्णिमेच्या आधी येईल असं वाटत नाही. प्रमाणपत्र तुम्हाला या आठवड्यात मिळेल, शिक्क्यासह, पाच वर्षांचं.

ता. क. तिसरा. म्हणजे कायद्याने तुम्हाला आता कुणी अडवत नाही. पहिल्या फेरीला इंजिनापाशी गिरीराज असणार. अण्णा, तुम्हीच अडवा.