गुणपत्रिका जळगावात, दाखला गावात

॥ श्री ॥

जळगाव,
दि. १४ जून १९९३

तीर्थस्वरूप नाना यांस,

धाकट्या बहिणीचा, प्रमिलाचा, साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत. आई, वहिनी आणि तुम्हीही बरे असाल असं धरून चालते.

तुमच्या लताचा बारावीचा निकाल कळल्यापासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत. सायन्सला एक्क्याऐंशी टक्के, तेही साक्रीला एसटीनं ये-जा करून आणि शिकवणी न लावता. आपल्या भाऊबंदांत एवढे मार्क कुणाला पडलेत? तुम्हाला दहावीत गणितात किती होते ते इथं लिहीत नाही, टपालवाले पत्रं वाचतात म्हणे.

परवा हे गावी येऊन गेले, तेव्हा तुम्ही सभेला गेला होता. लतानं मूळ गुणपत्रिका आणि दोन फोटो यांच्याजवळ दिले. यांच्या पक्षाच्या संस्थेचं कॉलेज आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. पोर माझ्याजवळ राहील, बी.एस्सी. करील, पुढं प्राध्यापिका होईल. आता शाळा सोडल्याचा दाखला तेवढा तुमच्या पेटीत आहे, तो रजिस्टरनं पाठवा. मूळ दाखला आणि मूळ गुणपत्रिका दोन्ही समोर ठेवल्याशिवाय कुठलंही कॉलेज दारात उभं करत नाही.

आणि एक ऐकलं ते खरं आहे का? तुमच्या पक्षाच्या घरातलं एकही पोर संस्थावाल्यांच्या कॉलेजची पायरी चढणार नाही, असं तुम्ही साक्रीच्या बाजारात आठशे माणसांसमोर बेलभंडारा उचलून बोललात म्हणे. खोटं असेल तर तसं कळवा, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल. खरं असेल तर तुमच्या पुढाऱ्यानं उद्या भाकरी खाऊ नका सांगितलं तर काय करणार, तेही कळवा.

आईला नमस्कार. धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
प्रमिला


॥ श्री ॥

उंबरपाटा, ता. साक्री,
दि. २३ जून १९९३

सौ. प्रमिला हिस जीवरामचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईचा गुडघा तसाच आहे. बाकी ठीक.

ऐकलंस ते खरं आहे. माणसं मात्र आठशे नव्हती, हजाराच्या वर होती.

आधी तुझ्या नवऱ्याचं बोलतो. घरधनी बाहेर गेलेला बघून यायचं आणि पोरीच्या हातून कागद काढून न्यायचे, याला आमच्याकडे पाहुणपण म्हणत नाहीत. लीलाधररावांना हे असंच्या असं वाचून दाखव.

आता कॉलेजचं. आपल्या अभिमनचा पोरगा तुमच्याच संस्थेतून बी.ए. झाला. तीन वर्षं त्यानं तिथं काय केलं? निवडणूक आली की जीपमध्ये बसून घोषणा दिल्या. आता पांढरी पँट घालून पारावर बसतो. बाप उन्हात पाभर धरतो आणि हा सावलीत नोकरीच्या जाहिराती वाचतो. पाभरीला हात लाव म्हटलं तर सांगतो, मी ग्रॅज्युएट आहे. आमचे नेते म्हणतात की कॉलेज म्हणजे बेकार दळून काढायची गिरणी. काय चुकीचं म्हणतात? वरच्या गल्लीत तुमच्या पक्षाची घरं, तिथली सगळी पोरं कॉलेजात. खालच्या गल्लीत आमची, तिथली सगळी वावरात. पीक कुणाचं उभं आहे ते येऊन बघ.

लताला मी शिवणयंत्र घेऊन देणार आहे. हाताला काम राहील आणि डोकंही ठिकाणावर राहील. गुणपत्रिका आधी परत कर. दाखल्याचं मग बोलू.

तुझ्यावरचा जीव काही कमी झालेला नाही, पण त्याची परीक्षा बघू नकोस.

जीवराम


॥ श्री ॥

जळगाव,
दि. २ जुलै १९९३

तीर्थस्वरूप नाना यांस,

प्रमिलाचा नमस्कार. तुमचे आशीर्वाद पोचले, हाताला चटके बसले.

आधी गुणपत्रिका म्हणता? नाही, आधी दाखला. ती माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली आहे आणि तिथंच राहील. तुमच्या हातात दिली तर शिवणयंत्राच्या खोक्यात जाईल, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

मला एक सांगा. गावात हायस्कूल यावं म्हणून डोक्यावर दगड वाहणारा जीवराम कोण होता? शिकल्याशिवाय कुणब्याला तरणोपाय नाही, असं तुम्ही दारोदार सांगत फिरायचात. त्या वेळी तुम्ही यांच्याच पक्षात होता. मग तुमचं तिकीट कापलं गेलं, तुम्ही झेंडा बदलला, आणि त्याबरोबर शहाणपणही बदललं. मला सातवीतून काढलं तेव्हा आपल्या वडिलांशी भांडणारे तुम्ही एकटे होता, नाना. आज ते सगळं बेकार दळायची गिरणी झालं?

यांच्या पक्षात सगळं सोनं आहे असं मी म्हणत नाही. पोरांना जीपमध्ये कोंबतात ते मलाही बघवत नाही. म्हणून काय साऱ्या पोरांनी अंगठे उठवायचे? ढेकणाच्या संगे हिरा भंगू देऊ नका.

पंधरा तारखेपर्यंत दाखला इथं यायला हवा. यायचा म्हणजे यायचा.

रागावले आहे तरी बहीण आहे, एवढं ध्यानात असू द्या.

प्रमिला


॥ श्री ॥

उंबरपाटा,
दि. ११ जुलै १९९३

सौ. प्रमिला हिस,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही. लिहिले आहेत असं समज.

बाजाराच्या दिवशी साक्रीत मगनच्या हॉटेलात गेलो होतो. त्यानं भजी ज्या कागदात बांधून दिली, तो कागद उलगडला तर आत माझी पोर. तुझ्या नवऱ्याच्या पक्षाचं पत्रक. लताचा फोटो, आणि खाली मोठ्या अक्षरात, विरोधकांच्या घरातही पोचली ज्ञानगंगा, कु. लता जीवराम हिचं आमच्या महाविद्यालयात हार्दिक स्वागत. अजून प्रवेशाचा पत्ता नाही आणि स्वागत होऊन गेलं. अर्जासाठी दिलेले फोटो असे वापरले. पोरीच्या तोंडावर भज्याचं तेल पसरलं होतं. सगळं हॉटेल माझ्याकडे बघत होतं आणि तुमच्या पक्षाचे दोघं तोंड फिरवून हसत होते.

घरी येऊन पत्रक आईसमोर टाकलं. तिनं विचारलं, पोर कोनी शे, पक्षनी का बापनी? मी म्हणालो, बापनी. ती माझ्याकडे बघत राहिली. तिचं ते बघणं मला आवडलं नाही.

आता दाखला कोर्टानं मागितला तरी मिळणार नाही. शिक्षणाचा एवढा पुळका असता तर पोरीला शिकवलं असतं, पत्रकावर छापली नसती. दिवाळीनंतर मी स्थळं बघणार आहे.

तुझ्या घरचं पाणी पिणार नाही असं म्हणायची वेळ आणू नकोस.

जीवराम


॥ श्री ॥

जळगाव,
दि. १९ जुलै १९९३

तीर्थस्वरूप नाना यांस,

नमस्कार. पत्रकाचं मला ठाऊक नव्हतं. आईच्या पायांची शपथ, ठाऊक नव्हतं. यांना विचारलं तर म्हणाले, प्रचारात एवढं चालायचंच, उलट पोरीचं नाव झालं. चार दिवस झाले, मी यांच्याशी बोललेली नाही. ताट वाढते आणि आत जाते. माझ्या भाचीच्या तोंडाला माझ्या घरातून तेल लागलं, याची मला लाज वाटते, आणि हे मी लिहून देते.

पण तुमचं बरोबर आहे असं मात्र लिहून देणार नाही. दाखला वेळेवर आला असता तर ती आज वर्गात बसली असती. आणि आता तर तुम्ही स्थळांची भाषा करता. मग गुणपत्रिका मुळीच परत येणार नाही. एक कागद तरी तुमच्या पेटीबाहेर राहू दे.

पंधरा तारीख गेली. यांच्या ओळखीनं तीस तारखेपर्यंत मुदत वाढवून घेतली आहे. ज्यांच्याशी बोलत नाही त्यांच्याकडेच मला शब्द टाकावा लागला, हेही तुमच्यापायी. आता तरी हट्ट सोडा.

आईला सांगा, तिची आठवण येते. तुमचीही येते, पण ती रागासकट.

प्रमिला


॥ श्री ॥

उंबरपाटा,
दि. ३ ऑगस्ट १९९३

तीर्थरूप आबा आणि तीर्थस्वरूप प्रमिला फुई यांस,

लताचा दोघांना नमस्कार. हे एकच पत्र मी दोनदा लिहिलं आहे. एक आबांच्या टोपीखाली ठेवते, दुसरं जळगावला टाकते. कुणाला जास्त लिहिलं आणि कुणाला कमी, यावरून आणखी भांडण नको.

फुई, तुमची पत्रं आजीला मीच वाचून दाखवायची. आणि आबा, तुमची पत्रं तुम्ही पाकिटात घालायच्या आधी ओट्यावर मंडळींना वाचून दाखवायचात. गिरणीचं वाक्य तुम्ही दोनदा वाचलं, मंडळींनी दोनदा माना डोलावल्या. मी आत भाकरी थापत होते. फुईंच्या पत्रात मी प्राध्यापिका झाले, तुमच्या पत्रात शिंपीण झाले, पत्रकात ज्ञानगंगा झाले. तुला काय शिकायचं आहे, हे मात्र कुणीही विचारलं नाही.

मला शेतकी शिकायचं होतं. धुळ्याला सरकारी कॉलेज आहे. ते कुणाच्या संस्थेचं नाही, म्हणजे आबांची शपथही मोडली नसती. आपल्या वरच्या तुकड्यात तीन वर्षं भुईमूग पिवळा पडतो. तुम्ही म्हणता नजर लागली, शेजारचे म्हणतात बियाणं वाईट. तो का पिवळा पडतो, ते मला शिकून यायचं होतं. आबा, कॉलेजातली पोरं पाभरीला हात लावत नाहीत म्हणता ना? तिथं मुलींनाही वावरात उतरवतात. मी चौकशी केली होती.

फुवांना गुणपत्रिका दिली तेव्हा मी सोबत धुळ्याचा भरलेला अर्जही दिला होता. तुम्ही जळगावला परत जाताना धुळ्यावरूनच जाल, तेवढा देऊन टाका, असं मी म्हणाले. त्यांनी न वाचताच घडी घालून खिशात ठेवला आणि सांगितलं की काळजी करू नको, प्रवेश झालाच समज. आबांना मी बैलांना चारा टाकताना सांगितलं होतं. त्यांनी रेडिओवरच्या बातम्या संपू दे म्हटलं. बातम्यांनंतर माणसं आली.

अठ्ठावीस जुलैला तिथली शेवटची तारीख होती. आजीला सांगून मी एसटीनं धुळ्याला गेले, दुसरा अर्ज घेतला आणि झेरॉक्स जोडल्या. कारकून भला माणूस होता. मार्क बघून म्हणाला, पहिल्या यादीत नाव लागेल, फक्त मूळ कागद दाखव. गुणपत्रिका कुठं आहे विचारलं, मी म्हणाले जळगावला. दाखला? साक्रीकडे, गावी. तो म्हणाला, पाच वाजेपर्यंत खिडकी उघडी ठेवतो, कुणाला तरी घेऊन यायला सांग. मी कुणाला सांगणार होते? बाकावर बसून राहिले. पाच वाजता त्यानं खिडकी लावली आणि जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

मला तुमचा दोघांचा राग आला आहे. मोठ्यांवर रागवू नये असं आजीनं शिकवलं, पण या वेळी तिनंही मला अडवलं नाही.

आणखी एक लिहायचं आहे. काल आबांच्या पक्षाची माणसं मतदार यादी घेऊन आली होती. येत्या एक जानेवारीपर्यंत मला अठरा पूर्ण होतील, म्हणून नाव घालायचं होतं. त्यांनी जन्मतारखेचा पुरावा मागितला. आबा, तुम्ही लगेच उठलात, पेटी उघडलीत आणि माझा दाखला काढून त्यांच्या हातात दिलात. त्यांनी तारीख उतरवून घेतली. मग तुम्ही तो पुन्हा पेटीत ठेवलात आणि कुलूप लावलंत.

पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा धुळ्याला जाणार आहे. त्याआधी दोघांचे कागद माझ्या हातात यावेत. शेवटी लोभ मागायची रीत आहे. तो तुमच्याजवळ भरपूर आहे, मला माहीत आहे. मी कागद मागते आहे.

लता