अप्पांनी हात जोडले

शिवकाशी,
१९ नोव्हेंबर

प्रिय इळंगो अण्णा,

नमस्कार. सिंगापूरला वहिनी, मुलं मजेत असतील. इथे कॅलेंडरांचा हंगाम ऐन भरात आहे, मशीनला उसंत नाही. अप्पांची प्रकृती बरी आहे. वेळेवर जेवतात.

परवा फोनवर तू विचारलंस, "अप्पा छापखान्यात गेलेत का?" मी "हो" म्हटलं. ते शेजारच्याच खोलीत होते, म्हणून खरं बोलता आलं नाही. हल्ली ते घरातच असतात.

छापखाना माझ्या हाती देताना ते म्हणाले होते, "तुझे नियम कर, पण सकाळची बैठक मोडू नकोस." मी मोडली नाही. त्यांच्यासारखीच सगळ्यांना घेऊन बसते, चहा होतो, घरचं विचारते. फक्त तक्रारी आता कामगारांची कमिटी ऐकते. पहिलाच नियम, कुणी कुणावर हात उचलायचा नाही. अप्पा हसले होते, "मालकावरसुद्धा ना गं?"

मग एक दिवस मुनियांडी कटिंग मशीनची बोटं वाचवणारी जाळी काढून काम करताना त्यांना दिसला. अप्पांनी खाडकन त्याच्या कानाखाली वाजवली. पूर्वी असं झालं की दुपारी आपल्या डब्यातला दहीभात मार खाणाऱ्यापुढे सरकवायचे, विषय मिटायचा. या वेळी बाइंडिंगची पार्वती उठली. "अक्का, नियम सगळ्यांना आहे की आम्हालाच?"

मला वाटलं, नियम आणि अप्पांचा मान, दोन्ही सांभाळता येईल. शिक्षाबिक्षा नको, बैठकीत, घरच्यासारखे अप्पांनी माफीचे दोन शब्द बोलावेत. कमिटीनेही मानलं. अप्पा उठले, हात जोडले. "मुनियांडी, चुकलं माझं. तुझी बोटं जातील म्हणून भ्यालो रे." मुनियांडी ढसाढसा रडत त्यांच्या पायांवर पडला. अप्पांनी चपला घातल्या आणि निघून गेले. परत आले नाहीत.

मुनियांडीनेही काम सोडलं. मी त्याच्या घरी गेले तर म्हणाला, "ज्यांनी मला मशीन शिकवलं, त्यांना माझ्यापुढे हात जोडावे लागले. आता कोणत्या तोंडानं तिथे उभा राहू, अक्का?"

बैठक रोज भरते. चहा पितात, उठतात. पार्वतीने हळूच विचारलं, "आपण बरोबरच केलं ना?" मी म्हटलं, "हो." अजूनही मला तसंच वाटतं, अण्णा. म्हणूनच अप्पांची क्षमा मागायला त्यांच्या दारापर्यंत जाते आणि परत फिरते. खोटी माफी त्यांना लगेच कळेल.

पोंगलला ये. पत्राच्या शेवटी 'अप्पांचे आशीर्वाद' लिहायची आपली रीत. "काय लिहू?" असं विचारलं, तर त्यांनी मान वळवली. म्हणून या वेळी फक्त माझाच नमस्कार.

तुझी बहीण,
पूंगोडी