अंगठा मोजत नाहीत

आप्पा, काल मी अंबाजोगाईच्या मोंढ्यात सीताफळं घ्यायला गेले होते, आणि आज कितीतरी वर्षांनी हाताने पत्र लिहायला बसले आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या. माझ्या अक्षराचं तुम्हाला फार कौतुक होतं. मोंढ्यातल्या आपल्या अडतीच्या गादीवर येईल त्याला तुम्ही माझी कॉन्व्हेंटची वही दाखवायचात.

तुम्हाला तो दिवस आठवत असेल का? मी नऊ-दहा वर्षांची, दिवाळीच्या सुट्टीत होस्टेलवरून आलेली. दसऱ्याला पहिल्या पाट्या येतात तेव्हा सीताफळाला भाव असतो, आणि दिवाळीत सगळा डोंगर एकदम पिकून बाजार कोसळतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. फळाचे डोळे फाकून मधल्या रेघा पांढऱ्या झाल्या की दोन दिवसांत ते विकलंच पाहिजे; असा माल कुणी परत नेत नाही, म्हणायचात. कपाळावर विभूती, खांद्यावर दस्ती, तो मोठा पांढरा रुमाल. खरेदीदार समोर बसला की तुमच्या दोघांच्या हातांवर ती दस्ती पडायची आणि तिच्याखाली भाव ठरायचा. जितकी बोटं दाबली तितके रुपये. ज्याचा माल, तो शेजारी उभा राहून नुसती दस्ती हलताना बघायचा.

त्या दिवशी मी हट्ट धरते. तुम्ही हसून माझा हात आत ओढून घेता, तुमच्या तळहातावर ठेवता. खरेदीदार म्हणतो, आज मालकीणबाईंशी सौदा, जपून बोलावं लागेल. मग माझी बोटं एकेक दाबत जातो, करंगळीपासून, आणि शेवटी अंगठा. घाटनांदूरकडची एक तरुण बाई पाट्यांपाशी उभी आहे. तुम्ही तिला सांगता, पाटीला चार रुपये.

"आप्पा, पाच," मी म्हणते.

तुम्ही दस्ती झटकून खांद्यावर टाकता. "अंगठा मोजत नाहीत, बाळ."

सगळे हसतात. ती बाईसुद्धा. मी लाजून पोत्यांच्या मागे जाते. दुपारी तुम्ही मला स्टँडजवळच्या दुकानात नेऊन शाईचं पेन घेऊन दिलंत, निळं, सोनेरी टोपणाचं. ऐन हंगामात तुम्ही गादी सोडून कधी उठायचा नाहीत.

काल एक म्हातारी क्रेटमागे बसली होती. आता लिलाव मोठ्याने पुकारतात, भाव ज्याच्या त्याच्या फोनवर असतो. दस्तीचा सौदा केव्हाच बंद झाला. मी चार फळं निवडली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "तू आप्पाची लेक नव्हं? इंग्रजी शाळंतली?"

मला इतका आनंद झाला, आप्पा. तुम्ही गेल्यानंतर इतक्या वर्षांत तुम्हाला ओळखणारं कुणी भेटलंच नव्हतं. मी तिच्याजवळ खाली बसले. तुमच्याबद्दल काहीतरी चांगलं ऐकायचं होतं. ती हसत हसतच सांगू लागली, की त्या दिवशीच्या पाट्या तिच्या होत्या, आणि तिच्या वाडीत अजूनही कुणी मापात मारलं की त्याला आप्पाचा अंगठा म्हणतात. नातवंडंसुद्धा म्हणतात. तुम्ही कोण होतात हे त्यांना ठाऊक नाही.

मी म्हटलं, अहो, पण अंगठा मोजत नसत ना?

"पाचाला मंग काय दाबावं बाई, नाक?"

 मी तिला विचारलं, तुम्हाला कळत होतं तर बोलला का नाहीत.

"डोळं उघडलेला माल डोक्यावर घिऊन कुठं जावं? समद्याच गादीवर दस्ती हुती." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझा बाप लई वंगाळ न्हवता. च्या पाजायचा." आणि चार फळांवर एक पाचवं टाकलं. "घे. ह्यो अंगठा."

मी माफी मागितली नाही. पिशवी उचलली आणि रिक्षा शोधत राहिले. माझ्या फीचे पैसे, होस्टेलची पांढरी चादर, सगळं डोळ्यांपुढून जात होतं. त्या निळ्या पेनाने मी शाळेत 'माझे वडील' निबंध लिहिला होता. सिस्टरनी तो वर्गात वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की माझे वडील कधी खोटं बोलत नाहीत.

पाचही फळं स्वयंपाकघरात टोपलीत आहेत. आज मऊ झाली आहेत. मी एकही फोडलेलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. पेन घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गाडीतून उतरणाऱ्या पाट्या हातावर मोजत होतात. करंगळीपासून सुरुवात केलीत, अंगठ्यावर आलात आणि म्हणालात, पाच. मी तिथेच उभी होते, आप्पा. पेन फ्रॉकच्या खिशात होतं. मी खिशावर हात दाबून धरला आणि काही विचारलं नाही.