ते पिल्लू जाळ्यात मेलं नव्हतं

अल् खुवैर, मस्कत
मार्च २००३

प्रिय सलील,

पुण्याहून आलेलं तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण आधी सीबच्या पुढच्या त्या कोळ्यांच्या गावात जाऊन यायचं होतं. काल गेले. बदरुद्दीनची होडी अजून जप्तच आहे. सफूरानं कहवा दिला, खजूर पुढे केले, पण नेहमीसारखी माझ्याजवळ बसली नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या त्या घरात जेवायला दुकानातला ट्यूनाचा डबा फोडला होता. बदरुद्दीन बाहेरच बसून होता. त्यानं माझ्या सलामाला उत्तर दिलं, एवढंच.

डॉल्फिनच्या सर्व्हेच्या पहिल्या दिवसांत तू किनाऱ्यावर पुरुषांशी बोलायचास आणि मला आत बायकांकडे पाठवायचास. उभ्या जाळ्यांत अडकून डॉल्फिन गुदमरतात, किनाऱ्यालगत ही जाळी लावू नका, गळ वापरा, असं मी घरोघर सांगत फिरले. सफूराला हिंदी छान येते. ती म्हणाली होती, "गळाला निम्मी मासळीसुद्धा लागत नाही. मुलांच्या ताटात काय तुझे डॉल्फिन वाढू?" मी म्हटलं, गावात बर्फाचा कारखाना होणार आहे, मासळी टिकेल, भाव चांगला येईल. "तुझ्या साहेबाचा शब्द आहे?" तिनं विचारलं. तू दारातच उभा होतास. तू मान हलवलीस. मग तिनंच नवऱ्याला राजी केलं, आणि बदरुद्दीननं जाळी उचलली म्हणून बाकीच्यांनी उचलली.

बर्फाचा कारखाना झाला नाही. डॉल्फिन मात्र आले, पिल्लांना घेऊन, अगदी किनाऱ्याजवळ. त्यांच्यामागे पर्यटकांच्या स्पीडबोटी आल्या आणि त्या बोटींच्या कंपनीचा सल्लागार म्हणून तू आलास. होड्या वाळूवर ओढायच्या जागेवर कंपनीचं कुंपण उभं राहिलं. मी भांडले तेव्हा तू हसून म्हणालास, "अगं, डॉल्फिन वाचले ना? मग खलास." गावातली तरणी पोरं आता त्याच कुंपणाच्या आत पर्यटकांना लाइफ जॅकेट घालून देतात.

जानेवारीत ते पिल्लू वाळूला लागलं. आपण दोघं त्याच्याजवळ गुडघे टेकून बसलो होतो. पाठीवर एकामागोमाग एक तिरके, खोल वार होते, बोटीच्या पंख्याचे. शिकाऊ माणसालाही कळले असते. तू बोटानं खोली पाहिलीस, उठलास आणि माझ्याकडे न बघता समुद्रात हात धुतलेस. अहवालात लिहिलंस, जाळ्यात गुदमरून मृत्यू. बदरुद्दीनच्या परसात जुनी जाळी गुंडाळून ठेवलेली होती, तेवढ्या पुराव्यावर मत्स्य खात्यानं त्याची होडी जप्त केली. काल निघताना सफूरानं एवढंच विचारलं, "तूही तिथेच होतीस ना?"

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर मी खात्याच्या कार्यालयात जबाब दिलेला असेल. वार मी पाहिले, आणि तूही पाहिलेस, दोन्ही सांगणार आहे. माझा व्हिसा आपल्याच ऑफिसचा, त्यामुळे पुढे काय होईल ते मला ठाऊक आहे. सामान बांधून ठेवलंय. बदरुद्दीनला होडी परत मिळेलच असंही नाही. तू लिहिलंयस की तुझ्या आईंनी अखेर आपल्या लग्नाला होकार दिला. माझं आडनाव कळल्यापासून ज्यांनी मला कधी घरात बोलावलं नाही, त्यांचा होकार यावा म्हणून मी किती वर्षं थांबले, ते तुला माहीत आहे. तो आला, आणि आता मीच नाही म्हणते आहे. त्यांना कारण काय सांगायचं ते तू ठरव. फक्त आमच्या जातीवर ढकलू नकोस. या वेळी ते खोटं ठरेल.

कालपर्यंत तुझीच,
भावना