यागोडाच्या बशीतलं दुसरं डोकं

३ ऑक्टोबर, सोमवार. झाग्रेब.
माझी बायको यागोडा जाऊन सात महिने झाले. तिच्या प्रयोगशाळेतून फोन. तिची हायड्राची बशी १४ तारखेला टाकून देणार. सांभाळायला माणूस नाही. ठरवलं, तिचा अर्धवट प्रयोग मी पुरा करायचा, म्हणजे टाकणार नाहीत. मी निवृत्त भूमापक आहे, मोजमाप कुठलंही असो, जमतं. यात भावनेचा प्रश्न नाही.

४ ऑक्टोबर
तिची वही वाचली. हायड्रा म्हणजे पाण्यातली इवलीशी नळी. वर मिशा असलेलं डोकं, खाली पाय. पेशी पेप्टाइड म्हणून प्रथिनाचे बारीक तुकडे सोडतात आणि एकमेकींना कळवतात, इथे डोकं करा, इथे पाय. यागोडा जादा पेप्टाइड घालून कमरेवर दुसरं डोकं फुटतं का, ते बघत होती. सोपं आहे.

५ ऑक्टोबर
बशी, पेप्टाइड आणि सूक्ष्मदर्शक घरी आणले. थेंब घातले. बशी देताना प्रयोगशाळेतली टेक्निशियन व्लास्टा म्हणाली, काका, आठवड्यातून तीनदाच खायला घाला हं. मान डोलावली. दिवसातून दोनदा घालतो. फार बारीक दिसतात.

७ ऑक्टोबर
डोळ्यांत पाणी येतं. सूक्ष्मदर्शकाची सवय नाही.

१० ऑक्टोबर, सकाळी ९.४०
बारापैकी नऊ जणांच्या कमरेला फुगवटा!

१२ ऑक्टोबर
फुगवट्यांना मिशा आल्या. डोकीच! यागोडाला वीस वर्षांत जमलं नाही ते मला आठवड्यात. चुकून दोन कप कॉफी केली. दोन्ही प्यायलो. काम वाढलंय.

१३ ऑक्टोबर
आपल्याकडे आनंदाची बातमी ज्याची, त्यानेच सगळ्यांना खाऊ द्यायचा. बेकरीत क्रीमच्या केकचे अठरा तुकडे सांगितले.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार
प्रयोगशाळेत गेलो. आधी केक वाटले, मग बशी दाखवली. तिथल्या प्रमुख डॉक्टर झ्रिंकांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, अहो तिहोमिर, हे डोकं नाही, पिल्लू आहे. हायड्राला भरपूर खायला मिळालं की अंगावर पिल्लं फुटतात. मी म्हणालो, मापात चूक नाही. तेवढ्यात एक डोकं सुटलं आणि आपल्या पायाने चालू पडलं.

व्लास्टा तोंडात केक धरूनच म्हणाली, यागोडामावशी सांगायची, तिहोमिर इतकं भरवतो, की आमच्याकडचं मांजरसुद्धा दारात अडकतं.

सगळे हसले. मीही, थोडं.

डॉक्टर म्हणाल्या, बशी ठेवू, पण संशोधक नकोय. रोज पाणी बदलणारा माणूस हवाय. विचार करून कळवतो म्हणालो. दारापर्यंत गेलो. परत येऊन विचारलं, सकाळी किती वाजता उघडता?