बावीस पावलांवरची गिरजाबाई

जिते, तालुका पेण
सोमवार

चि. सौ. शांतीस,

सगळ्यात आधी आला तो सुजय. रोह्याचा पोरगा, आपल्या किमया नातीसारखाच व्यायामाचा डॉक्टर. सकाळच्या गाडीने जित्याला उतरला आणि दारात उभा राहून नमस्कार नाही, पाणी नाही, एकदम म्हणतो, "आजी, ते पापड कुठे वाळत घातले होते?" मला वाटलं विकत न्यायला आलाय. (थांब, आशीर्वाद राहिलाच. तुला आणि सूनबाई ऋतुजाला ताईचे पोटभर आशीर्वाद, काळुरामभाऊंना नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तुझी तब्येत विचारत नाही, ती मला ठाऊक आहे. खुब्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले, डॉक्टर म्हणतात हाड जुळलं, आता चाला, आणि तू खाटेवर बसून म्हणतेस, आता जायचं ते चौघांच्या खांद्यावर.) फोनवर पायाचा विषय निघाला की "ताई, आवाज येत नाय गो" म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. पत्राला आवाज लागत नाही. ऋतुजाला सांगून ठेवलंय, पूर्ण वाचेपर्यंत चहा देऊ नकोस.

तर सुजय का आला ते सांगते. ह्या व्यायामाच्या डॉक्टरांची इंटरनेटवर एक जागा आहे, तिथे जगभरचे मिळून लिहितात. गुडघ्यावर एकाने पान लिहिलं की दुसरा भर घालतो, तिसरा म्हणतो हे कशावरून, पुरावा दाखव, चौथा खोडून नीट करतो. सगळं फुकट, कोणीही वाचावं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा किमयाला म्हटलं, "दुसऱ्याचं बघून लिवतेस व्हय गो? मास्तरांनी हात लाल केले असते." (मी तिसरीतून थेट मिठागरावर गेले, पण हात लाल झालेले अजून आठवतात.) मग तिने समजावलं आणि लगेच माझ्या डोक्यात शिरलं. आपले पोह्याचे पापड गो! आज माझ्या घरी दहा बाया, उद्या शेजारच्या सरूच्या घरी त्याच दहा. एक कुटते, एक लाटते, एक म्हणते कडा जाड राहिली, एक नुसती बसून खार कमी पडला म्हणते, आणि शेवटी कुठला पापड कोणाचा ते कोणालाच सांगता येत नाही. फरक एवढाच, की ह्यांच्यात लाट्या तेलात बुडवून खाणारी कोणी नाही. नाहीतर सरूने त्यांचं पानच संपवलं असतं.

किमया तिथे मराठीतून लिहीत होती, जमिनीवरून कसं उठावं त्याचं पान. आधीच्या पानांवर जिकडे तिकडे खुर्ची. खुर्चीत बसा, खुर्ची धरा, खुर्चीमागे उभे राहा. मी म्हटलं, आपल्यात खुर्ची पाव्हण्याला देतात, आणि ती प्लास्टिकची, धरली की आपल्याआधी तीच पडते. तेव्हा तिने माझाच व्हिडिओ काढला. पापड लाटता लाटता मी हात न टेकता उठले आणि अंगणातून पडवीत गेले, बस्स. (तोंड दाखवायचं नसतं म्हणे, मानेखालचीच मी. पण नवी साडी छान आलीय.) तिने तो टाकला आणि दोन दिवस ड्युटीला गेली.

इकडे काय झालं, माझ्या उठण्याकडे एकानेही बघितलं नाही! सगळे माझ्या चालीवर. ही बाई तिरकी का चालते, पाऊल एवढं उचलून आडवं का टाकते. केरळचा एक म्हणाला खुबा कमजोर आहे. कोणी म्हणालं मणका. कोणी म्हणालं आधी डोळे तपासा. एकाने लिहिलं, जमीन तापली असेल. अकरा जणांनी माझ्या कमरेवर लिहिलं, शांते, माझ्या लग्नात एवढ्यांनी माझ्याकडे बघितलं नव्हतं. एका मॅडमने तर विचारलं, गोल नक्षीची फरशी छान आहे, कुठे मिळते? तेव्हा ह्या सुजयने लिहिलं, "अहो, ती फरशी नाही, जुन्या साड्यांवर वाळत घातलेले पापड आहेत. आजी पापड वाचवून चालतायत." त्याची आई पापड करते. लहानपणी त्याने तुडवलेत आणि मार खाल्लाय, त्यामुळे त्याला वेगळा पुरावा लागला नाही.

आता तुझं. रागावू नकोस, नाव-गाव काही टाकलेलं नाही. किमयाने तिथे विचारलं, पासष्ट वर्षांची बाई आहे, ऑपरेशन चांगलं झालं, पण पडायच्या भीतीने खाट सोडत नाही, काय करावं? पायाचे नाना व्यायाम आले. पण लंकेच्या एका मॅडमने एवढंच लिहिलं, तिला चाल म्हणू नका, तिला कुठे जायचंय ते विचारा. (लंकेतूनही शहाणपण येतं, आपण उगीच नावं ठेवतो.) किमयाने मला विचारलं. मी विचार केला. देवळात? देवाला तू खाटेवरून हात जोडतेस आणि तोही चालवून घेतो. वालाच्या शेतात? लांब पडेल. मग आठवली तुझी शेजारीण गिरजाबाई! तीस वर्षं तुम्ही दोघी रोज सकाळी परसाच्या कुंपणाशी भांडलात, चूळ भरायच्या आधी. चार महिने ते बंद. ऋतुजाकडून पावलं मोजून घेतली, खाटेपासून कुंपण बावीस पावलं. किमयाने तिथे तसंच लिहिलं, ध्येय शेजारणीशी भांडण, अंतर बावीस पावलं, मध्ये एक पायरी.

तुला खोटं वाटेल, पण कोणी टिंगल केली नाही. उलट सगळे कामालाच लागले. सुजयने पायरीची उंची विचारली. केरळवाला म्हणाला, पहिल्या आठवड्यात पाचच पावलं, तिथून नुसतं ओरडावं, छातीलाही व्यायाम होतो. लंकेच्या मॅडम म्हणाल्या, कुंपणाशी धरायला आडवा बांबू बांधा, भांडण लांबलं तर पाय दमतील. आणि मृणाली नावाची एक नागपूरची आहे, तिने विचारलं, भांडणाचा विषय काय? तो ऋतुजाने दिला. तुझ्या शेवग्याच्या शेंगा गिरजाबाईने मागच्या आठवड्यात सगळ्या उतरवून नेल्या आणि वर म्हणाली, "शांतीला आता कशाला हव्यात? तिच्यान् कुंपणापर्यंत येववत नाय." हे तुला कोणी सांगितलेलं नाही. मी सांगतेय.

ती मृणाली काल सुजयच्या मागोमाग आली. तीन वर्षं एकमेकांचं लिहिलेलं खोडतायत आणि तोंडं पहिल्यांदा बघितली ती माझ्या अंगणात. ती त्याला म्हणते, "मानेच्या पानावरची माझी ओळ काढणारा तूच काय रे?" तो म्हणतो, "चुकीची होती, काढली." मला वाटलं आता जुंपते. पण पाचच मिनिटांत चपला काढून तिघं, आमची किमया धरून, पापडांमधून माझ्यासारखे तिरके चालत होते. शेतातले मुठे खेकडे बिळाकडे निघावेत तसे! मृणालीने चार पापड मोडले. (ते सोबत पाठवतेय. डॉक्टरीण बाईंच्या पायाचे आहेत, चव तीच.) मग माझं उठणं चारदा बघितलं, काय काय टिपून घेतलं, आणि आता त्या पानावर खुर्चीच्या जोडीला पाट आणि उंबरठाही आलाय. घावणे खाऊन गेली पोरं. फार गुणी आहेत गो. कोणाच्या कोण बाईसाठी एवढी डोकी खपवतात.

तुझीच,
पुतळीताई

ता. क. पोरं परत येणार आहेत, पण माझ्याकडे नाही, खांब गावाला तुझ्याकडे. मी तुला न विचारता हो म्हटलंय. दार लावून बसू नकोस. काळुरामभाऊंना तेवढा बांबू बांधून ठेवायला सांग.

ता. क. दुसरा. हे ऋतुजाला वाचून दाखवू नकोस. काल पापड उचलल्यावर किमया म्हणाली, आजी, आता मोकळ्या अंगणात चालून दाखव. मी घावण्यांचं निमित्त करून आत पळाले. तो केरळवाला बरोबर आहे. पापड नसले तरी मी तशीच चालते. दोन वर्षं झाली, उजवा खुबा धरतो. व्हिडिओत उठले ती दातओठ खाऊन, तोंड दिसत नव्हतं म्हणून निभावलं. तुला खाटेला खिळलेली बघितली आणि माझी बोलायची छातीच झाली नाही. सांगितलं तर मलाही कापतील आणि मीही तुझ्यासारखी बसून राहीन, हेच डोक्यात. तू पाच पावलं टाकलीस तर मी त्याच दिवशी किमयाला सांगेन. तू ऊठ, म्हणजे मला धीर येईल. गिरजाबाईचं नंतर बघू.

ता. क. तिसरा. मीही त्यांच्याबरोबर येतेय. येत्या गुरुवारी, अकराच्या आत.