पट्टीवर चार मीटर

प्रिय दादा,

आधी जे झालं ते क्रमाने लिहिते. लांबण लावलेली तुला कधीच आवडली नाही.

१. पुलाच्या दुरुस्तीत खांबावरची पाणी मोजायची पट्टी काढली होती. काम संपल्यावर ती एक मीटर वर बसवली गेली.
२. गेल्या आठवड्यातल्या वादळात पट्टीने चार मीटर दाखवले. म्हणजे जुन्या मापाने पाच.
३. बाबांच्या मागच्या खोलीत घोट्यापर्यंत पाणी आलं.
४. बाबांनी प्लंबरला बोलावलं.
५. काल आमच्या कार्यालयाने या उन्हाळ्याचा हवामान अंदाज जाहीर केला. तो मी लिहिला आहे.
६. बाबा घर सोडायला तयार नाहीत.

चौथा मुद्दा वाचून तू हसशील. मीही आधी हसले. बाबांची सगळी नोकरी त्या पट्टीवरचं पाणी वाचण्यात गेली. पट्टीवर पाच मीटर झालं की आपल्या मागच्या खोलीत पाणी शिरतं, हे आपल्याला पाढ्यासारखं पाठ होतं. त्यामुळे पट्टी चारच म्हणते, तर खोलीतलं पाणी नदीचं नाही, नळ फुटला असणार, असा त्यांचा हिशेब. प्लंबर बिचारा गुडघे टेकून, भिंतीला कान लावून बराच वेळ बसला. शेवटी खोलीतला गाळ उचलून म्हणाला, काका, तुमच्या नळातून गवत येतं का? बाबा म्हणाले, लाइन जुनी आहे. पट्टी वर सरकली आहे हे मी तीनदा सांगितलं. तर म्हणे, पट्टीचं मला तू शिकवू नकोस.

आता अंदाजाबद्दल. यंदा वादळं सरासरीपेक्षा जास्त आहेत, आणि बहुतेक दुपारनंतर, वरच्या डोंगराकडे. तिकडची जमीन आधीच भरपूर पाणी प्यायली आहे, आणखी पिणार नाही. पडेल ते सगळं नदीत उतरेल आणि इथे पोचेल तेव्हा इथे ऊन असेल. लोक दोरीवर कपडे वाळत घालत असतील. मला धास्ती आहे ती याचीच. आभाळ काळं झालं तर माणूस निदान जागचा उठतो.

मी लिहिलं होतं, नदीकाठच्या घरांत पाणी शिरेल. छापून आलं, पूरस्थितीची शक्यता नाकारता येत नाही. साहेबांचं चुकलं असं नाही. अख्ख्या मोसमाबद्दल 'शिरेल' म्हणता येत नाही, हे मलाही कळतं. बाबांनी मात्र ते वाक्य चष्मा लावून मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, नाकारता येत नाही म्हणे! तुमच्या ऑफिसात सरळ हो म्हणायची कुणाची छाती होत नाही का? शेजारच्या सायकलवाल्याने त्याचं सामान माळ्यावर चढवलं, तर त्यालाही टोमणा. पाणी दिसायच्या आधीच चपला काढल्यास की रे! तो शांतपणे म्हणाला, काका, वाहून जाण्यापेक्षा हातात धरलेल्या बऱ्या.

सायकलवाला आता रात्री वर झोपतो. बाबांना गुडघ्यामुळे जिना चढवत नाही. त्यांनी खाट हलवली आहे, पण वर नाही, मागच्या खोलीत. तिथे गार वाटतं म्हणतात. खोलीला अजून गाळाचा वास आहे. भिंतीतली ओल खालच्या प्लगच्या चार बोटं अलीकडे थांबली आहे. मी त्या खोलीची वीज बंद करून आले. पुढच्या खेपेला गेले तर पंखा चालू होता.

रविवारी मी त्यांना पुलाखाली घेऊन गेले. नदी ओसरली होती, त्यामुळे जुन्या बोल्टांची भोकं उघडी पडली होती. त्यांनी एका भोकात बोट घालून पाहिलं आणि मान वर करून पट्टीकडे पाहिलं. घरी परतताना म्हणाले, मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, माझी पट्टी आहे ती. मग प्लंबर कशाला, मी विचारलं. म्हणाले, इथून न हलण्याचं तुला काहीतरी कारण द्यायला नको?

खरं कारण त्यांनी फाटकाशी थांबून सांगितलं, माझ्याकडे न बघता. पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस, असं ते तुला म्हणाले होते. आता म्हणतात, तो कधी आलाच तर इथेच येईल, आणि मी इथे नसलो तर मला शोधणार कुठे? फोन करा म्हटलं, तर फोनवर त्यांना माघार घेता येत नाही. तुमच्या दोघांत कोण चुकलं हे मी तेव्हा ठरवलं नाही, आताही ठरवत नाही. त्यांना माफ कर असंही म्हणत नाही. तुझं घर उंचावर आहे. मोसम संपेपर्यंत त्यांना तिकडे बोलाव, आणि ते त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे. माझ्या सांगण्याने ते हलणार नाहीत, मी सगळं करून पाहिलं. शुक्रवारपासून वरच्या खोऱ्यात पुन्हा जोरदार वादळं आहेत. हा मोसमाचा नाही, या आठवड्याचा अंदाज आहे, आणि यातला एकही शब्द साहेबांनी बदललेला नाही. नाही म्हणायचं असेल तरी स्पष्ट कळव, म्हणजे शुक्रवारी सकाळी मी माझं अंथरूण त्यांच्या खोलीत नेते. गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर दे.

तुझीच,
धाकटी